लाल तळ्याचा नऊ वर्षांचा उपास

या शनिवार-रविवारचा विषय जरा थंड आहे. उणे वीस-पंचवीस सेल्सियसमध्ये गोठलेल्या तळ्यावर जायचं, बर्फाला भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा आणि बादली उपडी घालून तिच्यावर बसून राहायचं. अमेरिकेच्या उत्तर भागात ह्याला करमणूक म्हणतात. ह्यात कसली मजा, असं तुम्ही विचाराल. विचारा, पण त्याचं उत्तर शेवटपर्यंत मिळेल अशी हमी नाही. मला ह्या प्रकारात रस आला तो एका विशिष्ट तळ्याच्या इतिहासामुळे. त्या तळ्यातले मासे संपले होते आणि मग ते परत आले. ह्या "परत आले"मध्ये बरंच काही दडलंय, आणि त्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे "आधी कोणी थांबायचं?"

मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला रेड लेक आहे. तळं म्हणायचं ते तिकडच्या हिशेबाने. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ८८ हजार एकर, म्हणजे साडेअकराशे चौरस किलोमीटरच्या वर. बृहन्मुंबई साधारण दोनदा मावेल त्यात. हिमयुग संपताना ह्या भागात ॲगसिझ नावाचा अवाढव्य जलाशय होता. तो ओसरल्यावर खोलगट जागी जे पाणी उरलं त्यातलंच हे एक. नकाशावर ते इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं दिसतं: वरचं तळं आणि खालचं तळं, मध्ये चिंचोळी खाडी. वरचं तळं अगदी उथळ, बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा फूट. एवढा विस्तार आणि एवढी कमी खोली, त्यामुळे ते लवकर गोठतं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तळ्याभोवती ओजिब्वे लोकांची रेड लेक नावाची जमात राहते. त्यांच्या भाषेतल्या तळ्याच्या नावाचा अर्थही लाल पाण्याचं तळं असाच आहे. १८८९ मध्ये नेल्सन कायदा आला. मिनेसोटातल्या ओजिब्वेंची सामाईक जमीन माणशी तुकड्यांत वाटायची आणि उरलेली गोऱ्या वसाहतवाल्यांना आणि लाकूडवाल्यांना मोकळी करायची, असा त्याचा बेत. रेड लेकच्या लोकांना खूप जमीन सोडावी लागली, पण राहिलेल्या जमिनीची वाटणी मात्र त्यांनी होऊ दिली नाही. ती आजही संपूर्ण जमातीच्या सामाईक मालकीची आहे आणि तिथे परवानगीशिवाय बाहेरच्यांना मासेमारी करता येत नाही. जमातीचं म्हणणं असं की वाटाघाटींत दोन्ही तळी पूर्ण आपल्याकडे राहतील असं ठरलं होतं. प्रत्यक्षात सीमारेषा आखली गेली ती वरच्या तळ्याच्या पाण्यातून, आणि पूर्वेकडचा सुमारे ४८ हजार एकरांचा तुकडा रेषेबाहेर गेला. तो राज्याचा झाला. बाकी सुमारे २ लाख ४० हजार एकर पाणी जमातीचं.

म्हणजे बघा, पाणी एक, मासे एक, आणि कारभार दोन. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चित्र बघून लगेच घाम फुटतो. एकाच डेटाबेसमध्ये दोन प्रोग्रॅम लिहितायत, दोघांमध्ये लॉक नाही, आणि एकाने काय बदललं ते दुसऱ्याला कळायची सोय नाही. असं किती दिवस चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. चालतं, चालतं, आणि एक दिवस चालत नाही.

आता माशांबद्दल थोडं, कारण ह्या गोष्टीत तीन मासे आहेत आणि तिघांचे स्वभाव वेगळे.

पहिला वॉलआय. हा तिकडचा पापलेट म्हणा, चवीच्या आणि मानाच्या बाबतीत. ओजिब्वे त्याला "ओगा" म्हणतात. डोळ्याच्या मागे मांजरासारखा चमकणारा पडदा असल्यामुळे त्याला अंधुक उजेडात उत्तम दिसतं, म्हणून तो संध्याकाळी आणि पहाटे शिकारीला निघतो. बर्फावर बसलेले लोकही मग तेव्हाच टपून असतात. तो तळाजवळ फिरतो, म्हणून गळ तळापासून फूटभर वर ठेवून हलके झटके देत बसायचं. दुसरा क्रॅपी. उच्चार बरेच जण "क्रॉपी" करतात. हाताच्या पंजाएवढा चपटा मासा, हिवाळ्यात थव्याने पाण्याच्या मध्यावर तरंगत राहतो. थवा सापडला तर तासाभरात बादली भरते, नाही सापडला तर दिवसभर शून्य. तिसरा पाइक. लांबुळका, दातांचा, आणि थंडीची अजिबात पर्वा न करणारा. बाकीचे मासे हिवाळ्यात मंदावतात, हा मात्र खातच राहतो.

पाइकसाठी गळापेक्षा जुनी रीत म्हणजे भाला. ओजिब्वे लोक लाकडात कोरलेला छोटा मासा दोरीला बांधून भोकात नाचवत आणि अंगावर घोंगडी ओढून पालथे पडत. वरचा उजेड अडला की पाण्यातलं स्वच्छ दिसायला लागतं. खोट्या माशाकडे पाइक आला की भाला. आज मिनेसोटात काळोख्या खोपटात बसून पाइक भाल्याने मारतात ती हीच रीत. फक्त घोंगडीच्या जागी फळ्यांची खोली आली आणि खोलीत शेगडी आली. कोरलेले जुने लाकडी मासे आता संग्रहालयात आणि संग्राहकांच्या कपाटात असतात.

पोटापुरती मासेमारी चालू होती तोवर तळ्याला काही धोका नव्हता. बदल झाला १९१७ साली. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली, मांस महाग झालं, आणि शहरातल्या लोकांना स्वस्त मासे पुरवायचे म्हणून मिनेसोटा राज्याने रेड लेकवर व्यापारी मासेमारी सुरू केली. खालच्या तळ्याच्या काठी रेडबी गाव आहे, तिथपर्यंत रेल्वे आलेलीच होती. मासे काढायचे, बर्फात भरायचे, गाडीत घालायचे. काढणारे हात ओजिब्वेंचे, कारभार राज्याचा. युद्ध संपलं तरी मासेमारी थांबली नाही. शेवटी १९२९ मध्ये जमातीच्या मच्छीमारांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, रेड लेक फिशरीज असोसिएशन. आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या किंवा दूधसंघाच्या धर्तीवर विचार केलात तर कल्पना येईल. सभासद मासे आणून घालणार, संस्था विकणार, वर्षाअखेर हिशेब. पुढची जवळजवळ सत्तर वर्षं कित्येक घरांत उन्हाळ्यातला रोख पैसा ह्याच संस्थेतून आला. ज्या भागात दुसरा उद्योग नाही, तिथे ही साधी गोष्ट नव्हती.

पूर्वेच्या बाजूला, राज्याच्या पाण्यावर, वॉस्किश नावाचं छोटं गाव आहे. तिथे गळवाले हौशी लोक येत. छोटी रिसॉर्टं, होड्या भाड्याने, आणि हिवाळ्यात बर्फावर खोपटी. विसाव्या शतकात ह्या हौशी लोकांच्या हातातली अवजारं बदलत गेली. आधी बर्फ फोडायला लोखंडी पहार होती. मग हाताने फिरवायचं गिरमीट आलं, मग त्याला पेट्रोलचं इंजिन लागलं. एक भोक पाडायला अर्धा घाम निघायचा, तिथे आता मिनिटाभरात चार. १९५० च्या दशकाच्या शेवटी कार्ल लोरान्स ह्यांनी हौशी मच्छीमारांसाठी सोनारची छोटी पेटी बाजारात आणली. युद्धात पाणबुड्या शोधायला वापरलेली कल्पना आता मासे शोधायला. १९८० च्या सुमारास मिनेसोटाच्याच डेव्ह जेन्झ ह्यांनी घसरगाडीवर बसवलेला घडीचा तंबू केला. त्यामुळे एका जागी खोपटं रोवून मासा येण्याची वाट बघायची गरज संपली. मासा नसेल तिथून उठायचं आणि पुढे जायचं. हे सगळं फार हुशारीचं होतं. पण तळ्याच्या बाजूने पाहिलं तर हिवाळा हा पूर्वी सक्तीच्या विश्रांतीचा काळ होता, तो राहिला नाही.

वॉलआयचं एक वैशिष्ट्य असं की त्याची सगळी वर्षं सारखी नसतात. वसंतात बर्फ वितळल्यावर मादी उथळ खडकाळ जागी किंवा टॅमरॅकसारख्या नदीत शिरून अंडी घालते. एखाद्या वर्षी पाणी, ऊब आणि खाणं जमून येतं आणि पिलांची जबरदस्त पिढी तयार होते. मधली तीन-चार वर्षं काहीच नाही. माद्या वयात यायलाही चार-पाच वर्षं लागतात. तळ्यात जुन्या माद्या भरपूर असल्या तर हे चढउतार झेपतात. पण जाळ्यांनी आणि गळांनी जुन्या माद्या कमी केल्या की सगळं ओझं एकदोन चांगल्या पिढ्यांवर येतं. ती पिढी हाताशी आहे तोवर जाळी भरलेली दिसतात. सगळ्यांना वाटतं तळं ठीक आहे. उत्पन्नाचा आकडा चांगला आणि मागे शिल्लक काहीच नाही, असा तो प्रकार. ही पिढी संपली की एकदम खड्डा.

रेड लेकवर नेमकं हेच झालं. संस्थेची जाळी होती. संस्थेच्या वह्यांत न येता मागच्या दाराने विकली जाणारी मासळी होती, आणि तिची मोजदाद कोणाकडेच नव्हती. राज्याच्या बाजूचे गळवाले होते. प्रत्येकाला दुसऱ्याचा वाटा मोठा दिसत होता. वर्षाचा कोटा होता, पण तळ्यात खरोखर किती मासे आहेत ह्याच्याशी तो जोडलेला नव्हता. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वॉलआय जवळपास संपला. जाळी टाकावी आणि रिकामी ओढावी अशी गत.

आता आपण "आधी कोणी थांबायचं?" वर आलो.

विचार करा, दोघांत जुनं वैर. शंभराहून जास्त वर्षांपासून जमातीला वाटतंय की तळ्याचा तुकडा फसवून घेतला. राज्याच्या बाजूला वाटतंय की जाळ्यांनी तळं संपवलं. अशा वेळी माणसाचा नैसर्गिक हिशेब असा की मी थांबलो तर उरलेले मासे तो नेणार. म्हणून तू आधी थांब. दोघेही असंच म्हणत बसले असते तर आज लिहायला काही उरलं नसतं.

१९९७ मध्ये त्या सहकारी संस्थेच्या मच्छीमारांनी व्यापारी मासेमारी स्वतःहून बंद केली. तेव्हा राज्याशी करार झालेला नव्हता. पुढच्या वर्षी जमातीने घरापुरत्या मासेमारीवरही बंदी घातली. म्हणजे ज्यांचं पोट ह्यावर जास्त अवलंबून होतं आणि ज्यांच्याकडे सहा भागांपैकी पाच भाग पाणी होतं, तेच पहिले थांबले. मला वाटतं ह्या सगळ्या इतिहासातला कळीचा क्षण हाच आहे. नंतरचं शास्त्र, मत्स्यबीज, बैठका हे सगळं महत्त्वाचं, पण ते ह्या निर्णयाच्या पायावर उभं राहिलं. समोरच्याने जाळी गुंडाळून ठेवल्यावर राज्याला "तुमच्यामुळे" म्हणत मासे पकडत राहणं जड जातं. १९९९ मध्ये जमात, राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं आणि केंद्र सरकारचं इंडियन कामकाज पाहणारं खातं ह्यांच्यात करार झाला, आणि राज्यानेही आपल्या बाजूचं वॉलआय बंद केलं. तांत्रिक समितीत तिन्हींचे जीवशास्त्रज्ञ आणि मिनेसोटा विद्यापीठाची माणसं एका टेबलाशी बसली.

गंमत म्हणजे ह्याच काळात तळ्याने एक अनपेक्षित प्रकार केला. वॉलआय गेल्यामुळे पिलं खाणारं तोंड गेलं होतं. त्यात नव्वदीच्या मध्यावर क्रॅपीची एक पिढी तुफान निपजली. दशकाच्या शेवटाला हे क्रॅपी चांगले मोठे झाले, आणि बर्फावर बातमी पसरली. ज्या तळ्यावर वॉलआयवाले फिरकेनासे झाले होते तिथे भर हिवाळ्यात गाड्यांच्या रांगा लागल्या. बर्फावर खोपट्यांचं गाव वसलं. दीडदोन पौंडाचे क्रॅपी निघत होते, आणि ह्या माशाच्या मानाने ते राक्षसच. मोठे पाइकही जोडीला होतेच. वॉस्किशच्या रिसॉर्टवाल्यांचे कठीण दिवस ह्या क्रॅपीने निभावून नेले. कोणी हे ठरवून केलं नव्हतं. सहकारी संस्थेची जाळी मात्र तोवर वाळतच पडली होती.

मग मत्स्यबीज. १९९९, २००१ आणि २००३ ह्या तीन वसंतांत मिळून तळ्यात दहा कोटींहून जास्त वॉलआयची पिलं सोडली. एक वर्ष सोडायची, एक वर्ष नाही. असं का? इथे माझ्यातला प्रोग्रॅमर खूश झाला. सोडण्याआधी पिलांना टेट्रासायक्लिन ह्या प्रतिजैविकाच्या पाण्यात काही तास ठेवायचे. ते औषध हाडांत उतरतं. माशाच्या कानात एक दगडासारखा बारीक खडा असतो, त्यावरही त्याची खूण राहते, आणि अतिनील प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ती चमकते. पुढे जाळ्यात छोटा मासा आला की त्याचा खडा बघायचा. चमकला तर आपण सोडलेला, नाही चमकला तर तळ्यातच जन्मलेला. आपण कोडमध्ये ठिकठिकाणी खुणा टाकून ठेवतो आणि नंतर लॉगमध्ये बघतो की कुठून काय आलं, तसंच. मधल्या वर्षी काहीच सोडलं नाही, तर त्या वर्षीचं जे दिसेल ते तळ्याचं स्वतःचं. सुरुवातीला सोडलेलेच जास्त सापडत होते. ती पिलं वयात येऊन स्वतः अंडी घालू लागली तसं चित्र पालटलं. २००३ नंतर सोडायची गरजच पडली नाही.

करारात दहा वर्षांपर्यंत थांबायची तयारी ठेवली होती. तेवढी लागली नाहीत. मे २००६ मध्ये राज्याच्या बाजूला वॉलआय पुन्हा खुला झाला. माणशी दोन मासे, आणि मधल्या मापाच्या, म्हणजे अंडी घालणाऱ्या वयाच्या माशांना पाण्यात परत सोडायची सक्ती. त्या वर्षीच्या हिवाळ्यात बर्फातल्या भोकातून कायदेशीर वॉलआय पुन्हा वर आला. जमातीनेही विक्री सुरू केली, पण जाळ्यांनी सुरुवात केली नाही. सभासदांनी गळाने पकडायचे आणि संस्थेने विकत घ्यायचे. गळाला वेळ लागतो, आणि त्यातून मासा किती काढायचा ते हातात राहतं.

वॉलआय वाढला तशी क्रॅपीची जत्रा उठली. मोठे क्रॅपी पकडले गेले किंवा म्हातारे झाले, आणि नव्या पिलांना पुन्हा खाणारं तोंड आलं. जुने गळवाले त्या क्रॅपीच्या वर्षांबद्दल अजून हळहळून बोलतात. पण ते तळ्याच्या आजारपणातलं सुख होतं, हे त्यांनाही माहीत आहे.

तेव्हापासून दोन्ही बाजू दरवर्षी तळ्याची पाहणी करतात. ठरावीक ठिकाणी, ठरावीक मापाची जाळी लावून अंडी घालण्याजोग्या माद्या किती त्याचा अंदाज काढतात, आणि त्यावरून दोघांनी किती काढायचं ते ठरतं. राज्याच्या बाजूला माणशी मर्यादा त्यानुसार वरखाली होते. दोन वरून तीन, चार, कधी परत खाली. आणि राज्याच्या बाजूची बहुतेक पकड आता हिवाळ्यातलीच असते. चाकांवरची खोली, आत पलंग, शेगडी, सोनार. बर्फावर रिसॉर्टवाल्यांनी साफ केलेले रस्ते आणि त्या रस्त्यांचा टोल. काही जण आठवडाभर राहतात. तेव्हा हिवाळ्याचा हिशेब चुकला तर अख्ख्या वर्षाचा चुकतो.

उथळ तळं लवकर गोठतं, असं मी वर लिहिलं होतं. मोसमाच्या सुरुवातीला बर्फ हवा असलेला प्रत्येक माणूस त्यामुळे इथेच धावतो. पायी चालायला चार इंच बर्फ हवा असा राज्याचा सल्ला आहे, पण जाडी पुरेशी असली तरी एवढ्या मोकळ्या विस्तारावर वारा बर्फाचा तुकडाच्या तुकडा काठापासून तोडतो. २८ नोव्हेंबर २०२२ ला असंच झालं. बर्फाचा मोठा तुकडा सुटला आणि त्यावर सुमारे दोनशे माणसं. रात्र पडेपर्यंत सगळ्यांना सुखरूप काढलं. २०२३ च्या डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा शंभराहून जास्त माणसं अडकली होती. तरी लोक जातात. आहेच तसा मासा.

आता एक गोष्ट उरते, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. १८८९ च्या रेषेचा वाद मिटलेला नाही. वरचं तळं पूर्ण आपलं, हे जमातीचं म्हणणं आजही कायम आहे. १९९९ च्या कराराने त्याचा निकाल लावला नाही. तो बाजूला ठेवून दोघांनी मासे मोजायला घेतले. आपल्याकडे बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांच्या विहिरी आटलेल्या मी पाहिल्यात, कारण आधी बांधाचा निकाल लागू दे मग पाण्याचं बघू, असा दोघांचाही हट्ट. रेड लेकवाल्यांनी क्रम उलटा लावला. ज्याची तक्रार जुनी आणि मोठी होती, त्याने आपली जाळी आधी गुंडाळली, आणि तक्रार मात्र सोडली नाही.

ह्या दोन गोष्टी एका वेळी करता येतात, हे मला तरी ह्या तळ्यामुळे कळलं. असो. पुढच्या शनिवारी जरा उबदार विषय घेऊ.